आदर्श स्वच्छतागृहाचं कुलूप

सोमवार, ता. २

मुख्य कार्यालयाचं पत्रक आलं. पुढचा आठवडा 'समावेशन सप्ताह' म्हणून पाळायचा आहे. प्रत्येक पाणीपुरवठा कार्यालयाच्या प्रमुखाने दिव्यांगांच्या अडचणी 'प्रत्यक्ष अनुभवातून' समजून घ्यायच्या, आणि सगळ्यांत समावेशक ठरेल त्या कार्यालयाला संचालकसाहेबांच्या हस्ते ढाल. माझी निवृत्ती पुढच्या वर्षावर आली आहे. एवढ्या नोकरीत माझ्या खोलीच्या भिंतीवर कॅलेंडर सोडून काही लागलं नाही. ढाल तिथे बरी दिसेल.

ताबडतोब बैठक घेतली. दिव्यांग म्हणायचं, अपंग म्हणायचं की 'विशेष व्यक्ती' म्हणायचं, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. आमच्याकडे अशी व्यक्ती एकच, खाली तक्रार खिडकीवर बसणाऱ्या बाई. सगळे त्यांना तक्रारबाई म्हणतात. त्या व्हीलचेअर वापरतात. त्यांना कोणता शब्द आवडेल ते विचारावं असं कोणीतरी सुचवलं, पण बैठक वरच्या मजल्यावर होती आणि एवढ्यासाठी जिना कोण उतरणार?

खरी कल्पना निघाली ती फोटोमास्तरच्या डोक्यातून. कार्यालयाच्या बातम्या आणि फोटो हे त्याचं काम. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच आठवडाभर व्हीलचेअरवर बसून काम करा. कुठल्याच ऑफिसच्या साहेबाला हे सुचणार नाही." मला गहिवरून आलं. आपल्या हातून असं काही व्हावं ही इच्छा माझ्या मनात नेहमीच होती, कोणी सुचवलं नव्हतं एवढंच.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "आठवडाभर नुसतं बसून राहायचं? त्यात तुम्हाला काय नवीन आहे?" थोर गोष्टींची थट्टा करायची हिला खोडच आहे.

गुरुवार, ता. ५

व्हीलचेअर मिळता मिळेना. दवाखान्यातून एक आणवली, पण गंजलेली, आणि पुढचं चाक रुसलेल्या जावयासारखं भलतीकडे तोंड करून. फोटोमास्तर म्हणाला, "ह्याच्यात तुम्ही पेशंट दिसाल, साहेब. आपल्याला समावेशन दाखवायचंय." मग त्याची नजर तक्रारबाईंच्या व्हीलचेअरवर गेली. निळी, हलकी, मापाने करून घेतलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी स्वतः खिडकीवर जाऊन विचारलं. हुकूम सोडला नाही, विनंती केली.

"म्हणजे ही? माझी?" त्या म्हणाल्या.

"सकाळी आल्यापासून ऑफिस सुटेपर्यंतच. संध्याकाळी तुमची तुम्हाला परत."

"आणि तोवर मी?"

"साध्या खुर्चीवर बसा की. नाहीतरी तुम्ही दिवसभर खिडकीवरच असता. तुम्हाला कुठे उठून जावं लागतं?"

त्यांनी समोरची तक्रारवही मिटली. मग म्हणाल्या, "साहेब, हॉलमधल्या टॉयलेटच्या दाराचं काय झालं?"

हे त्यांचं जुनंच प्रकरण. हॉलमधल्या स्वच्छतागृहाचं दार अरुंद आहे, व्हीलचेअर आत जात नाही, ते रुंद करा. निधी उपलब्ध नाही असं आम्ही त्यांना दरवर्षी न चुकता कळवतो.

"दोनदा ताप येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी शेवटचं सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत दार झालं नाही तर मी नोकरी सोडणार. घर माझ्या पगारावर चालतं, तरी सोडणार. दुसरा इलाज नाही."

डॉक्टरांचा आणि सुताराचा काय संबंध ते मला कळलं नाही. पण मी म्हणालो, "सप्ताह तर पार पडू दे."

"मग एक अट आहे. व्हीलचेअर न्या. पण आठवडाभर मी तुमच्या खोलीत बसणार. तक्रारींचा फोन आत द्या. तुमच्या चाकं असलेल्या खुर्चीवर भागेल माझं."

मला मनातून हसू आलं. मोठ्या खुर्चीचा मोह कुणाला सुटलाय? काचेचं टेबल, पंखा, घंटी, शिवाय स्वतंत्र स्वच्छतागृह. माझ्या आधीचे साहेब अंगाने भक्कम होते, त्यांनी त्याचं दार स्वतःच्या मापाने रुंद करून घेतलं होतं. तेव्हा निधीची अडचण आली नव्हती. असो. मी मोठ्या मनाने हो म्हणालो.

(भाषणात घालणे: "मी माझी खुर्ची दिली.")

सोमवार, ता. ९

सप्ताहाचा शुभारंभ. सकाळी खुर्च्यांची अदलाबदल झाली. तक्रारबाई हातांच्या जोरावर सर्रकन माझ्या फिरत्या खुर्चीवर गेल्या आणि टेबलाच्या कडेला धरधरून माझ्या खोलीत नाहीशा झाल्या. मी त्यांच्या व्हीलचेअरवर बसलो. फोटोमास्तरने तीन वेळा बसायला लावलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा माझ्या चेहऱ्यावर पुरेशी संवेदना नव्हती.

बसणं सोपं आहे, चालवणं नाही. अंगठ्याची साल निघाली. पुढच्या दाराला पायऱ्या असल्यामुळे मागच्या उतारावरून यावं लागलं, तर तिथे ब्लीचिंग पावडरची पोती रचलेली. मी चिडून विचारलं, "ही पोती इथे कोणी ठेवली?" शिपाई म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं साहेब. उतार मोकळाच असतो म्हणून." पोती जेवणाच्या सुट्टीच्या आत हलली. अधिकारी रस्त्यावर उतरला की कामं कशी भराभर होतात! तक्रारबाई रोज ह्याच उताराने येतात, त्यांनाही आता सोयीचं होईल. पोत्यांमधून त्या कशा येत होत्या कोण जाणे.

दिवसभर भेटायला येणाऱ्यांनी चहा पाजला. परिणामी दुपारी अडचण आली. हॉलमधल्या त्या स्वच्छतागृहाच्या दारात व्हीलचेअर घातली, ती अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. फोटोमास्तरने इकडेतिकडे पाहिलं, मला आडोसा केला, आणि मी उठून चालत आत गेलो. निसर्गाला सप्ताह कळत नाही. याची नोंद अनुभवात धरायची नाही असं आम्ही ठरवलं.

तेव्हा मनात आलं, तक्रारबाईंना मी कधी पाणी पिताना पाहिलेलं नाही. पाणीपुरवठ्यात नोकरी, समोर माठ, पण घोटभर नाही. शिपाई ग्लास ठेवायचा तो संध्याकाळी तसाच उचलायचा. शिस्त म्हणजे किती! आमचे बाकीचे लोक दिवसातून चारदा चहाला उठतात.

रात्री जेवताना हिला हे सगळं सांगितलं. हिने घास हातात धरून विचारलं, "मग ती कुठे जाते हो?"

"कोण?"

"ती बाई. दिवसभरात."

"कुठे जाणार? संध्याकाळी भावाची गाडी येते, तिने घरी जाते."

ही नुसती पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवून आत गेली.

मंगळवार, ता. १०

आज एक प्रकार घडला. पाणी गढूळ येतं म्हणून एक बाई खिडकीवर आल्या. मी समोर बसलेला, आणि त्या माझ्या डोक्यावरून फोटोमास्तरला विचारतात, "यांना बोललेलं कळतं का?" नंतर एक म्हातारे गृहस्थ आले. माझ्या खांद्यावर थोपटून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडले, "धीर सोडू नका हं!" त्यांची तक्रार काय होती ते सांगायचंच विसरून गेले. दुपारी झाडणाऱ्याने मला न विचारता बाजूला सरकवलं, टेबल सरकवावं तसं, आणि झाडून झाल्यावर परत आणायला विसरला. मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होतो.

हे सगळं तक्रारबाईंना जाऊन सांगितलं, अगदी पोटतिडकीने. त्या म्हणाल्या, "हो का?" त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

(तिन्ही प्रसंग भाषणात घालणे. म्हाताऱ्यांचा शेवटी.)

माझ्या खोलीत बसल्यापासून त्यांच्यात मात्र फरक पडला आहे. सकाळी आल्या आल्या शिपायाकडून जग भरून पाणी मागवलं. दुपारी पुन्हा. वर चहा. काचेतून दिसत होतं, फोनवर कोणाशी तरी बोलताना त्या खळखळून हसत होत्या. इतक्या वर्षांची शिस्त दोन दिवसांत गेली. खुर्चीची हवा लागते ती अशी.

बुधवार, ता. ११

संचालकसाहेबांनी माझ्या खोलीत फोन केला. तक्रारबाईंनी उचलला. "साहेब कुठायत?" तर म्हणे, "माझ्या खुर्चीत बसलेत." संचालकसाहेब हसले, असं त्याच सांगतात. मी काळजीत पडलो, पण ते शनिवारी पाहणी समिती पाठवताहेत म्हणाले. म्हणजे आपलं नाव वर गेलं.

फोटोमास्तर म्हणाला, "साहेब, समिती पहिलं स्वच्छतागृह बघते." तिसऱ्या मिनिटाला मी गवंडी आणि सुतार यांना निरोप धाडला. निधी? सप्ताहाच्या निधीतून. असा काही निधी असतो हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

शुक्रवार, ता. १३

झालं! जुनी चौकट उखडली, दार ऐसपैस झालं, आतमध्ये धरायला चकचकीत दांडे, भिंतीला फिकट निळा रंग. खाली वाकायला नको असा नळ. बाहेर पाटी लावली: 'आदर्श स्वच्छतागृह'. मी व्हीलचेअरवर बसून फीत कापली. तक्रारबाईंना फिरत्या खुर्चीवरून ढकलत आणलं होतं. त्यांनी रुंद दाराकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "एवढंच हवं होतं हो." मलाही भरून आलं. फोटो चांगला आला आहे.

टाळ्या संपल्यावर फोटोमास्तरने दाराला कुलूप लावलं. "उद्या समिती येतेय, साहेब. एकदा वापरलं की मग तो संडास होतो, आदर्श राहत नाही." मुद्दा बिनतोड होता. किल्ली मी माझ्या खिशात ठेवली, म्हणजे जबाबदारी राहील.

शनिवार, ता. १४

ढाल मिळाली!!

सकाळी समिती आली, कुलूप उघडून स्वच्छतागृह दाखवलं, सगळ्यांनी दारातून आत डोकावून "वा" म्हटलं, कुलूप परत लावलं. संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या सभागृहात समारंभ. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. आयोजकांच्या हे लक्षात आलं नव्हतं. कार्यक्रम समावेशनाचा असल्यामुळे ते बाकीच्या गोष्टींत फार गुंतले होते. चौघांनी मला व्हीलचेअरसकट उचललं. तिसऱ्या पायरीवर एकाचा हात सुटला, खटकन आवाज झाला आणि पाय ठेवायची पट्टी वाकली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. पण ढाल घ्यायच्या वेळी मी सरळ उभा राहिलो, तेव्हा लोकांनी चमत्कार झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या.

भाषण झकास झालं. "मी माझी खुर्ची दिली" ह्या वाक्याला सभागृह स्तब्ध.

एकच गोष्ट मनाला लागली. पहिल्या रांगेत तक्रारबाईंसाठी मुद्दाम जागा राखून ठेवली होती. त्या आल्याच नाहीत. मी शिपायाला विचारलं, तर म्हणतो, "कशा येणार साहेब? खुर्ची तर तुमच्याकडं होती." हे खरं होतं, पण कृतज्ञतेला वाट सापडते असं मला वाटतं. त्या माझ्या खोलीत बसून होत्या, समारंभ संपून खुर्ची परत जाईपर्यंत. भाऊ गाडी घेऊन बाहेर थांबला होता. जरा घुश्शातच होता म्हणे.

सोमवार, ता. १६

मी माझ्या खोलीत, तक्रारबाई खिडकीवर. ढाल भिंतीवर. जिकडच्या तिकडे झालं की बरं वाटतं.

व्हीलचेअरची पट्टी अजून लोंबतेच आहे. फोटोमास्तरने ती उद्घाटनाच्या फितीने बांधून दिली. निळ्या खुर्चीला लाल फीत शोभते.

तक्रारबाई किल्ली मागायला आल्या. मी समजावलं की पुढच्या मंगळवारी संचालकसाहेब गावोगावचे अधिकारी घेऊन आपलं आदर्श स्वच्छतागृह दाखवायला येणार आहेत, तोवर ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

"कोणासाठी बांधलंय ते?"

"तुमच्यासाठीच की."

"मग निदान तुमच्या खोलीतलं वापरू द्या. मागचा आठवडा वापरलंच."

"तो सप्ताह होता. आता पायंडा पडेल."

त्या खुर्ची वळवून खिडकीकडे गेल्या. मला वाटलं पटलं.

गुरुवार, ता. १९

दोन दिवस तक्रारबाईंची रजा. ताप. आज आल्या, चेहरा ओढलेला. शिपायाने पाण्याचा ग्लास ठेवला तो त्यांनी परत पाठवला. चला, शिस्त परत आली, असं माझ्या मनात येतं न येतं तोच त्या खोलीच्या दारात.

"पहिल्या तारखेपासून मी येणार नाही, साहेब. आधीच सांगितलं होतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मंगळवारी पाहुणे! समावेशक कार्यालयात समाविष्ट करायला दुसरं आहेच कोण? फोटोमास्तरला बोलावलं. तो म्हणाला, पहारेकऱ्याचा पाय मुरगळलाय, त्याला बसवू. पण पहारेकरी हसरा आहे आणि मंगळवारपर्यंत बरा होईल.

मग मी स्वतः खिडकीवर गेलो. म्हटलं, "बाई, निदान मंगळवारपर्यंत थांबा. एवढी इभ्रत राखा. पाहुण्यांसमोर तुम्ही आत जाऊन दाखवा, दार कसं रुंद आहे, दांडे कसे आहेत. पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक."

"म्हणजे मंगळवारी कुलूप उघडणार?"

"अर्थात! प्रात्यक्षिकापुरतं."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "थांबते मग," म्हणाल्या. माणसाला मान दिला की माणूस वळतो, हे माझं म्हणणं पुन्हा खरं ठरलं.

मंगळवार, ता. २४

आजचं सगळं लिहून ठेवतो.

पाहुणे आले. मी स्वागत केलं, ढाल दाखवली, सगळे आदर्श स्वच्छतागृहासमोर अर्धवर्तुळात उभे राहिले. तक्रारबाई आल्या, फितीने बांधलेली पट्टी खडखडत. शिपायाने कुलूप काढलं, किल्ली मला परत दिली आणि कुलूप कुठे ठेवावं ते त्याला सुचेना. त्या म्हणाल्या, "द्या इकडे. मी धरते." कुलूप मांडीवर घेऊन त्या आत गेल्या. दार कसं अलगद, कुठेही न घासता पार झालं! पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग दार लागलं. मग आतून कडी.

आम्ही बाहेर उभे. प्रात्यक्षिकात कडी लावायचं ठरलं नव्हतं. मी दांड्यांची माहिती दिली. रंगाची दिली. मग द्यायला माहिती उरली नाही. कोणी घड्याळ बघतंय, कोणी छत बघतंय. फोटोमास्तर माझ्या कानाशी लागला, "साहेब, या खरंच…" मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आतून पाण्याचा आवाज आला. मग नळाचा. पाहुण्यांतल्या एक बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या.

कडी निघाली. तक्रारबाई बाहेर आल्या, हात पुसत, निवांत. संचालकसाहेब आपुलकीने म्हणाले, "छान झालंय ना? रोज वापरता ना?"

"नाही. आज पहिल्यांदाच."

"म्हणजे?"

"कुलूप असतं. किल्ली साहेबांच्या खिशात असते."

सगळ्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. मी म्हणालो, "रंग ओला होता, साहेब. वाळत होता."

"वाळला आता," तक्रारबाई म्हणाल्या.

शेवटी, काय करावं ते न सुचून, मागच्या एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या आणि त्या बाकीच्यांनी उचलून धरल्या. संचालकसाहेबांनी वाजवल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "ढाल फिरती आहे, हे लक्षात असू द्या."

पाहुणे गेल्यावर शिपाई कुलूप शोधू लागला. तक्रारबाईंच्या मांडीवर नाही, खुर्चीखाली नाही, आत नाही. "माझ्याकडंच होतं खरं," त्या म्हणाल्या. "पण आत दोन्ही हात लागतात हो." कुलूप काही सापडलं नाही. ढालीवरही आता पाणी सोडावं लागणार.

घरी हिला सगळं सांगितलं. एवढी हसली, एवढी हसली, की डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवार, ता. २५

सकाळी लवकर गेलो. आदर्श स्वच्छतागृहात जाऊन उभा राहिलो. दार लावलं. कडी व्हीलचेअरवरून पोचेल अशी खाली लावलेली आहे, मला वाकावं लागलं. बाजूला छोटी खिडकी, उघडी. तिच्यातून बघितलं तर खाली मागचं गटार, आणि गटाराच्या काठावर चिखलात काहीतरी चकाकत होतं. नवंकोरं कुलूप, दोन दिवसांत गंजेल. मी खिडकी तशीच उघडी ठेवून बाहेर आलो.

हॉलमध्ये तक्रारबाई कामाला लागल्या होत्या. टेबलावर पाण्याने भरलेला जग. फोनवर कोणीतरी नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने भांडत होतं, आणि त्या "हो, लिहून घेतलं, हो," असं म्हणत मधेमधे ग्लास तोंडाला लावत होत्या. घाईने नाही. सावकाश, तहान लागलेलं माणूस पितं तसं. एक ग्लास संपला, त्यांनी दुसरा भरला.

मी खिडकीसमोर उभा होतो आणि मला हिचा त्या रात्रीचा प्रश्न आठवला. मग ती कुठे जाते हो? मी म्हणालो होतो, भावाची गाडी येते.

आता कुठे कळलं ही काय विचारत होती. समोर माठ ठेवून बाई दिवसभर तहानेली बसायची, आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो. कौतुकाने म्हणत होतो. मला माझी लाज वाटली, आणि ती कोणाला सांगावी तेही सुचेना.

तक्रारबाईंनी फोन ठेवला. "काही तक्रार होती का, साहेब?"

"नाही." मग धीर करून विचारलं, "पहिल्या तारखेपासून खिडकीवर कोण बसणार?"

त्यांनी पाण्याच्या जगाकडे पाहिलं, मग हॉलच्या टोकाच्या त्या दाराकडे. "मीच," म्हणाल्या. "आणि ती पट्टी नीट करून द्या. फितीने नाही. सरका आता, मागे लोक थांबलेत."

मी सरकलो. एवढ्यात शिपाई आला. "साहेब, नवीन कुलूप आणू का? आदर्श स्वच्छतागृह उघडंच पडलंय. लोक जायला लागलेत."

"जाऊ देत. संडास आहे तो," मी म्हणालो. "आणि आज पट्टी नीट करणारा माणूस बोलाव. आधी ते कर."

खिशातली किल्ली घरी आणली आहे. हिने विचारलं, कशाची? मी म्हटलं, कशाची नाही.

(हे भाषणात घालायचं नाही.)